जांघेतील हर्निया: रोबोटिक की दुर्बिणीद्वारे? खर्चातील फरकाचा नेमका हिशेब

नीरक्षीर (धागाकर्ता)

माझ्या वडिलांना (वय ६७) दोन्ही बाजूंच्या जांघेत हर्निया असल्याचे निदान झाले आहे. उजव्या बाजूचा हर्निया आता चालताना आणि खोकताना दुखू लागल्यामुळे शस्त्रक्रिया करून घ्यायचे आम्ही ठरवले. पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने आम्हाला एकाच भेटीत दोन अंदाजपत्रके दिली. दोन्हीत खोली तीच (दोघांत एक), हर्नियाच्या जागी बसवायची कृत्रिम जाळी त्याच कंपनीची आणि मुक्कामही एकाच रात्रीचा आहे. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेचा अंदाज १,४५,००० रुपये, तर रोबोटिकचा २,६०,००० रुपये.

फरक १,१५,००० रुपयांचा आहे. तो कशाचा, असे विचारल्यावर बिलिंगच्या खिडकीवरील बाईंनी तत्परतेने फोड करून दिली: रोबोटिक यंत्रणेचा वापर ६५,०००, रोबोटच्या हातांची आवरणे व उपकरणे ३०,०००, शल्यविशारदांचे वाढीव शुल्क १२,०००, शस्त्रक्रियागृहाचा जादा वेळ आणि भूल मिळून ८,०००. समुपदेशकांनी मात्र "अचूकता जास्त, वेदना कमी, लवकर बरे वाटते" एवढेच सांगितले. हे कोणत्या अभ्यासावर आधारलेले आहे, या प्रश्नावर त्यांनी एक रंगीत माहितीपत्रक पुढे केले.

रोबोट चांगला की वाईट, असा वाद मला या धाग्यावर नको आहे. वरच्या फोडीतील प्रत्येक रकमेच्या बदल्यात रुग्णाला काय मिळते, हे जाणकारांनी सांगावे, एवढीच विनंती आहे.

जुना शल्यक

नीरक्षीर, प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही तपशिलात देतो. मी आता शस्त्रक्रिया करत नाही, त्यामुळे कोणत्याच बाजूला माझे हितसंबंध नाहीत.

आपण विचारलेल्या तुलनेवरच अमेरिकेत सहा केंद्रांवर एक यादृच्छिक चाचणी झाली आणि २०२० मध्ये 'जामा सर्जरी'मध्ये ती प्रसिद्ध झाली. जांघेच्या हर्नियाचे १०२ रुग्ण चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. एका गटाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली, दुसऱ्याची रोबोटने. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि दैनंदिन जीवनाची गुणवत्ता यांत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. वेळेचा मध्यक (क्रमाने लावल्यास मधोमध येणारा आकडा) दुर्बिणीच्या गटात ४०.५ मिनिटे होता, रोबोटच्या गटात ७५.५ मिनिटे. खर्चाचा मध्यक अनुक्रमे १,४२१ आणि ३,२५८ डॉलर निघाला. म्हणजे वेळ जवळजवळ दुप्पट, खर्च दुपटीहून जास्त, आणि रुग्णाच्या पदरात पडलेले फळ तेच. शल्यविशारदाला आरामात बसून काम करता येते, हा रोबोटच्या बाजूने नेहमी दिला जाणारा मुद्दाही या चाचणीत सिद्ध झाला नाही. उलट रोबोटवर काम करताना वैताग अधिक होतो, असे शल्यविशारदांनीच नोंदवले.

आता आपल्या फोडीकडे वळू. सर्वांत मोठी रक्कम यंत्रणेच्या वापराची आहे. हे यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते आणि वार्षिक देखभालीचा करारही लाखांच्या घरात जातो. हा स्थिर खर्च रुग्णालय वर्षभरात होणाऱ्या रोबोटिक शस्त्रक्रियांवर वाटते. साहजिकच यंत्र जितके रिकामे राहील तितका प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येणारा भाग फुगतो. पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेट) कर्करोगाचे पुरेसे रुग्ण नसलेल्या ठिकाणी यंत्र चालते ठेवायला हर्निया आणि पित्ताशय हेच हुकमी रुग्ण उरतात. हे कटू वाटेल, पण व्यवहार असाच चालतो.

दुसरी रक्कम उपकरणांची. दा विंची या रोबोटिक यंत्राच्या उपकरणांतच वापर मोजण्याची सोय असते. ठरावीक वापर झाले की यंत्र ते उपकरण स्वीकारतच नाही, मग ते कितीही धडधाकट दिसो. पूर्वी बहुतेक उपकरणांना ही मर्यादा १० वापरांची होती. २०२० पासून कंपनीने काही उपकरणांसाठी ती १२ ते १८ पर्यंत वाढवली. जांघेच्या हर्नियाला साधारणपणे सुई धरण्याचे, कात्रीचे आणि पकडीचे अशी तीन उपकरणे लागतात. याउलट दुर्बिणीची पोलादी उपकरणे धुऊन, निर्जंतुक करून वर्षानुवर्षे वापरता येतात. रोबोटच्या प्रत्येक हाताला चढवायचे प्लास्टिकचे आवरण तर प्रत्येक रुग्णामागे नवे असते. तेव्हा हे ३०,००० हवेतले नाहीत, खर्च खरोखरच होतो. तो आपल्या वडिलांच्या उपयोगी पडतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि दोन्ही बाजूंच्या साध्या, पहिल्यांदाच होणाऱ्या हर्नियापुरते त्याचे उत्तर 'नाही' असेच मी देईन.

काटेकोर

शल्यकसाहेब, आपल्या विवेचनाबद्दल आदर आहे. तरीही १०२ रुग्णांच्या एका चाचणीवर एवढा भार टाकणे मला घाईचे वाटते. रोबोटवरील शल्यविशारदांचा हात बसला की वेळ कमी होतो, आणि वेळ कमी झाला की खर्चही उतरतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९९० च्या दशकात नवी होती, तेव्हा तिच्यावरही हेच आक्षेप घेतले जात होते. शिवाय रोबोटमध्ये त्रिमितीय दृश्य मिळते, हाताला मनगटासारखी हालचाल असते आणि पोटाच्या आतील पडदा टाक्यांनी शिवता येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्यासाठी टॅकर (पडदा किंवा जाळी टाचून बसवणारे उपकरण) वापरतात, जो स्वतःच महाग असतो. त्याची वजाबाकी कुणी केलेली दिसत नाही.

जुना शल्यक

काटेकोर, टॅकरचा मुद्दा रास्त आहे, पण तो अर्धाच आहे. दुर्बिणीने दोन पद्धतींनी शस्त्रक्रिया होते. टॅपमध्ये पोटाच्या पोकळीत शिरून पडदा उघडतात आणि शेवटी तो बंद करावा लागतो. टेपमध्ये पडद्याच्या बाहेरूनच काम होते, म्हणून बंद करण्याजोगे काही उरत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार टेपमध्ये बहुतेक रुग्णांत जाळी टाचण्याचीही गरज नसते. हर्नियाच्या मधल्या बाजूच्या मोठ्या छिद्रांसाठी ती टाचावी, असे तेथे म्हटले आहे. टॅपमध्येही सराव असलेला शल्यविशारद पडदा साध्या धाग्याने शिवतो. म्हणजे टॅकर वाचवण्यासाठी रोबोटच हवा असे नाही, शिवता येणारा हात हवा.

हात बसण्याविषयी म्हणाल तर वेळ नक्की कमी होईल. पण नीरक्षीर यांची फोड पुन्हा पाहा: १,१५,००० पैकी वेळेशी बांधलेले फक्त ८,००० आहेत. शस्त्रक्रिया पाऊण तासात उरकली, तरी यंत्रणेचे ६५,००० आणि उपकरणांचे ३०,००० तसेच राहणार.

आणि चाचणी एकच नाही. पोटाच्या भिंतीवरील हर्नियासाठी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०२० साली १२४ रुग्णांची चाचणी आली. रुग्णालयातील मुक्काम दोन्ही गटांत सारखाच होता. वेळ रोबोटने सरासरी १४१ मिनिटे, दुर्बिणीने ७७. खर्च १५,८६५ डॉलर विरुद्ध १२,९५५. आकडे लहान आहेत हे मान्य, पण बोट सगळ्यांचे एकाच दिशेला आहे.

विमावाली

मी आरोग्यविम्याच्या दाव्यांच्या कामात अनेक वर्षे आहे, म्हणून या चर्चेत राहून गेलेली एक बाजू मांडते. रुग्णालयाच्या बिलातील फरक आणि रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेतील फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरा फरक पुष्कळदा पहिल्याइतकाच मोठा निघतो.

विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारपद्धतींची यादी केली आणि कंपन्यांनी त्या पूर्णपणे वगळू नयेत, असे ठरवून दिले. रोबोटिक शस्त्रक्रिया त्या यादीत आहे. त्यामुळे "रोबोटिक विम्यात बसते" हे रुग्णालयातील वाक्य खोटे नसते. मात्र या उपचारांवर उपमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे, आणि ते वाक्य सहसा कुणी पूर्ण करत नाही.

अनेक कंपन्यांकडे मिळणारी 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी उदाहरणादाखल घेते. तीत या बारा उपचारांसाठी विमा रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा विमाधारकाचा असतो. समजा विमा ३ लाखांचा आहे. दुर्बिणीचे १,४५,००० चे बिल पूर्ण ग्राह्य धरले, तर रुग्णाने भरायचे ७,२५०. रोबोटिकचे बिल २,६०,००० चे आहे, पण मर्यादा १,५०,००० ची. त्यावरील १,१०,००० रुग्णाचे, शिवाय १,५०,००० वरील ५ टक्के म्हणजे ७,५००. एकूण १,१७,५००. ग्राह्य नसलेल्या किरकोळ वस्तू दोन्हीकडे वेगळ्याच.

खोलीभाड्याची मर्यादा ओलांडल्यास इतर शुल्कांतही त्याच प्रमाणात कपात होते, हे ध्यानात ठेवावे. रोबोटिकच्या पॅकेजबरोबर 'थोडी वरची खोली' सुचवली जाते, तेव्हा हे विशेष पाहावे. आणि पॉलिसी नवी असेल, तर हर्नियाला बहुधा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. ही अट दुर्बीण, रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया या तिन्हींना सारखीच लागू आहे.

नीरक्षीर, वडिलांच्या पॉलिसीत 'आधुनिक उपचार' या शीर्षकाखालील परिच्छेद शोधा, आणि रुग्णालयाला पूर्वमंजुरीचा अर्ज दोन्ही पद्धतींसाठी नव्हे, तर ठरलेल्या एकाच पद्धतीसाठी पाठवायला सांगा. अर्जात दुर्बीण आणि अंतिम बिलात रोबोट, असे झाले की घरी जाण्याच्या दिवशी दुपारी सगळे अडकते. कंपनीने अवाजवी कपात केल्यास आधी तिच्याच तक्रार निवारण कक्षाकडे लेखी जावे लागते. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते, तेथे शुल्क नाही.

ओहायोकर

विमावालीताईंनी मांडलेल्या मुद्द्याची अमेरिकेतील बाजू सांगतो, कारण वर ज्या चाचण्यांचा उल्लेख आला त्या इथल्या आहेत आणि त्यांतील डॉलरचे आकडे जसेच्या तसे रुपयांत बदलणे योग्य होणार नाही.

इथे जांघेच्या हर्नियाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला जो देयक संकेतांक आहे, तोच रोबोटिकलाही वापरतात. रोबोट वापरल्याचा वेगळा संकेतांक अस्तित्वात आहे, पण मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) त्यासाठी वेगळे पैसे देत नाही. पोटाच्या भिंतीवरील हर्नियाचे संकेतांक २०२३ मध्ये बदलले, तेव्हा तर उघडी, दुर्बिणीची आणि रोबोटिक या तिन्ही पद्धती एकाच संकेतांकात घातल्या गेल्या. म्हणजे रोबोटचा जादा खर्च इथे प्रामुख्याने रुग्णालय सोसते आणि रुग्णसंख्या वाढवून, नावलौकिक मिळवून तो भरून काढू पाहते. त्यामुळे रुग्णाला दोन पद्धतींच्या किमतीतला फरक जाणवतच नाही. मिशिगन राज्यातील रुग्णालयांच्या अभ्यासात जांघेच्या हर्नियात रोबोटचा वाटा २०१२ मधील ०.७ टक्क्यावरून २०१८ मध्ये २८.८ टक्क्यांवर गेलेला दिसला, त्यामागे हे एक कारण असावे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे तोच फरक 'यंत्रणेचा वापर' या नावाने थेट रुग्णाच्या बिलात येतो. म्हणून "अमेरिकेत आता सगळे रोबोटनेच होते" हे वाक्य पुण्यात कुणी ऐकवले, तर अमेरिकेतल्या रुग्णाला त्याचे वेगळे बिल लागत नव्हते, हेही सांगावे.

बोरीवलीची

येथे रोबोटच्या बाजूने अनुभवातून बोलणारे कुणीच नाही, म्हणून लिहिते. माझा हर्निया जांघेचा नव्हता. दोन सिझेरियननंतर जुन्या व्रणातून आलेला आणि एकदा दुरुस्त करूनही पुन्हा उद्भवलेला तो मोठा हर्निया होता. दोन शल्यविशारदांनी पोट उभे उघडून, भिंतीचे थर सोडवून आत मोठी जाळी बसवावी लागेल, असे सांगितले होते. आठवडाभर मुक्काम आणि एक-दोन दिवस अतिदक्षता विभाग धरून चाला, असा त्यांचा सल्ला होता. तिसऱ्यांनी तेच काम रोबोटने केले. मी लहान छिद्रांवर निभावले आणि तिसऱ्या दिवशी घरी आले. रोबोटचे शुल्क भरलेच, पण अतिदक्षता विभाग लागला नाही आणि खोलीचे भाडे कमी झाले, त्यामुळे एकूण बिल उघड्या शस्त्रक्रियेच्या अंदाजाहून फारसे जास्त झाले नाही.

माझी तुलना रोबोट आणि दुर्बीण यांच्यात नव्हतीच, कारण माझ्यासारख्या पोटात साध्या दुर्बिणीने हे काम करणारे हात फार थोडे आहेत, असे मला सांगण्यात आले. म्हणून सरसकट "रोबोट म्हणजे खर्च वाढवण्याचे साधन" असा सूर लागू नये, एवढेच म्हणणे आहे.

जुना शल्यक

बोरीवलीची यांनी फार महत्त्वाचा भेद दाखवला. भिंतीचे थर सोडवून करायच्या मोठ्या दुरुस्तीत रोबोटची खरी तुलना उघड्या शस्त्रक्रियेशी असते, आणि तेथे मुक्काम कमी झाल्याचे अनेक केंद्रांच्या नोंदींत दिसले आहे. तेथे पैसा वसूल होऊ शकतो. जांघेच्या साध्या हर्नियात दुर्बिणीचा रुग्ण एरवीही दुसऱ्या दिवशी, किंबहुना त्याच दिवशी घरी जातो. तेथे मुक्काम वाचवायला जागाच नाही.

खानदेशी

सगळी चर्चा दीड लाख विरुद्ध अडीच लाख अशी चालली आहे. धुळे-नंदुरबारकडच्या माणसाच्या दृष्टीने दीड लाखही मोठी रक्कम आहे, त्यामुळे उघड्या शस्त्रक्रियेचे नावच निघू नये हे मला खटकले. लिश्टेनस्टाइन पद्धतीने, जांघेत छोटा छेद घेऊन जाळी बसवणे नुसत्या स्थानिक भुलेवरही होते. हृदयविकार असलेल्या वृद्धाला संपूर्ण भूल नको असेल, तर हाच मार्ग उरतो, कारण दुर्बीण आणि रोबोट या दोहोंना ती लागतेच म्हणा ना.

खर्चाचाच विषय आहे म्हणून आमच्या दोंडाईच्याचे नाव घेतो. तेथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागडी जाळी परवडत नाही, म्हणून मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध केले. पुढे युगांडात याच कल्पनेवर ३०२ पुरुषांची यादृच्छिक चाचणी झाली, ती २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आली. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एका रुग्णाचा हर्निया उलटला, कंपनीच्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. म्हणजे व्यवहारात दोन्ही तुल्यबळ. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी तर रुग्णाच्याच स्नायूच्या चिवट पडद्याच्या पट्टीने, जाळीशिवाय दुरुस्ती करण्याची पद्धत दिली. हर्नियाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने जगाला काही दिले असेल, तर ते खर्च कमी करण्याच्या दिशेनेच दिले आहे.

काटेकोर

खानदेशीदादा, रोबोटच्या इतिहासातही पुणे आहेच. ब्रिटिश बनावटीच्या व्हर्सियस यंत्राची माणसावरील पहिली चाचणी २०१९ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाली होती. आता गुरुग्राममध्ये बनलेले एसएसआय मंत्र हे देशी यंत्रही आले आहे. स्पर्धा वाढली की दर उतरतील, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

विमावाली

अपेक्षा ठेवूच, पण रुग्णालयाने यंत्र स्वस्तात घेतले म्हणून पॅकेज उतरलेले निदान माझ्याकडे येणाऱ्या बिलांत मला अजून दिसलेले नाही. कोणते यंत्र आहे, हे अंदाजपत्रकात लिहिलेलेही नसते. विचारून लिहून घ्यावे.

नीरक्षीर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खानदेशी यांच्या सूचनेनंतर उघड्या शस्त्रक्रियेविषयीही शल्यविशारदांना विचारले. वडिलांचे हृदय आणि फुप्फुसे ठीक असून संपूर्ण भुलेला हरकत नाही, आणि दोन्ही बाजूंचा हर्निया त्याच तीन छिद्रांतून एका वेळी करता येतो, म्हणून त्यांनी दुर्बिणीची टेप पद्धत सुचवली. रोबोटमुळे या विशिष्ट रुग्णात अधिक काय मिळेल, असे थेट विचारल्यावर ते हसून म्हणाले, "तुमच्या वडिलांना काही नाही. मला खुर्ची मिळेल." हा मोकळेपणा मला समुपदेशकांच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक आश्वासक वाटला.

आम्ही दुर्बिणीची निवड केली असून पूर्वमंजुरीचा अर्ज त्याच पद्धतीसाठी गेला आहे. आता नव्या अंदाजपत्रकात 'टॅकर (आवश्यकतेनुसार)' अशी २२,००० रुपयांची ओळ आली आहे. ती मान्य करावी का?

जुना शल्यक

'आवश्यकतेनुसार' हा शब्द ठेवू द्या. हर्नियाचे छिद्र मधल्या बाजूला मोठे निघाले, तर टॅकर खरोखर लागेल आणि त्या क्षणी पैशांचा विचार शल्यविशारदाच्या डोक्यात नको. मात्र वापरला नाही, तर ती रक्कम बिलातून वगळली जाईल, हे आधीच लेखी घ्या, आणि वापरला तर शस्त्रक्रियेच्या टिपणात तशी नोंद हवी. जाळीच्या आणि टॅकरच्या पाकिटावर कंपनीचे नाव, आकार व तुकडी क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णालयातून निघताना मिळणाऱ्या कागदपत्रांवर चिकटवून मागा. दोन बाजू आहेत, म्हणजे जाळीच्या दोन चिकटपट्ट्या दिसल्या पाहिजेत. एकच दिसली आणि बिलात दोन जाळ्या असल्या, तर खिडकीवर तेव्हाच विचारा.